नाव कटेपर्यंत

११ जानेवारी

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठीच्या योजनेचं प्रशिक्षण आज संपलं. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो होतो. एक निवृत्त पोस्टमन, एक शिंपी, एक बेकरीवाली, मी, आणखी दोघेतिघे. संयोजक पूर्वी खेळाचे शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणतात आणि ते अजून मैदानावर असल्यासारखे बोलतात. "मुलाला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. त्याच्या बाजूने धावायचं." म्हणून आम्हाला सोबती म्हणतात.

नियम थोडे आहेत. आठवड्यातून एकदा भेट. गुन्ह्याबद्दल आपण होऊन विचारायचं नाही. महिन्याला समितीकडे अहवाल, आणि पाठवण्याआधी तो मुलाला मोठ्याने वाचून दाखवायचा. पाठीमागे काही लिहायचं नाही. ओळीने तीन अहवाल चांगले गेले की समिती यादीतून नाव कमी करते. मूल मोकळं. वाईट गेले तर सुधारगृह.

शिंप्याने विचारलं, "आणि आपण कधी मोकळे?"

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं."

"शनिवारी दुपारी मला काम नसतं, आई."

"मग झोप."

मला दुपारी झोप येत नाही. हातात काही नसलं की मी उठते, बसते, ड्रॉवर उघडते, बंद करते. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरी, दुसऱ्या संसारात निघून गेल्यापासून हे असं आहे. त्या माझ्याकडे राहिल्या. का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

१८ जानेवारी

सर मुलीला घेऊन आले. सोळा पूर्ण नाहीत. हाडं दिसतात. सगळे तिला टाचणी म्हणतात, ती स्वतःही. मावशीकडे राहते. दुकानांच्या झरोक्यांच्या काचपट्ट्या काढून आत शिरायची आणि आतून कडी काढायची, एवढंच तिचं काम असायचं. मागून येणारे मोठे. पकडली गेली ती एकटीच, कारण आत तीच होती.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझी लॅब. दंतवैद्यांकडून ठसे येतात, मी प्लास्टर ओतते, मेणावर दात बसवते, कवळ्या करते. टाचणी दारात उभी राहिली. टेबल पाहिलं नाही, दातांच्या ओळी पाहिल्या नाहीत. बेसिनच्या वर बघत होती.

"तुमचा झरोका मोठाय," म्हणाली.

"हवा येते."

"हवाच येते का फक्त?"

सर घसा खाकरून निघून गेले. आम्ही दोघी बसलो. म्हणजे ती उभी, मी बसलेली. लॅबमध्ये एकच स्टूल आहे.

शेवटी तिने विचारलं, "हे सगळे मेलेल्यांचे दात आहेत?"

"नाही. जिवंत माणसांचे होणार आहेत."

"मग दात आधी आणि माणूस नंतर," ती म्हणाली. जाताना दार हळू लावलं. मला वाटलं होतं आपटेल.

२० जानेवारी

एक स्टूल विकत आणलं. गिऱ्हाइकांसाठी बरं पडेल. सासूबाई म्हणाल्या, तुझ्याकडे गिऱ्हाईक कधी आलंय, पिशवीतून जबडे येतात.

१ फेब्रुवारी

वेळेच्या आधी येते. कोपऱ्यावर थांबते आणि वेळ झाली की दार वाजवते. मी खिडकीतून पाहिलं.

आज तिला मेणाची पट्टी तापवून वाकवायला दिली. हात स्थिर आहेत. मी म्हणाले, बोटं चांगली आहेत तुझी. तिने बोटं लगेच मुठीत घेतली. बहुतेक हे तिला आधीही कोणीतरी सांगितलेलं असणार.

सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांची कवळी मी गेल्या वर्षी केली. एकदाही लावली नाही. पत्र्याच्या डबीत, फडताळावर पडून असते.

"आजी, घरात कारखाना असून बोळकं?" टाचणीने विचारलं.

"सुनेचे दात लावून सुनेला चावता येत नाही गं."

टाचणी खळखळून हसली. तिच्या वरच्या ओळीत एक दात तिरका आहे. हसताना ती त्यावर ओठ ओढून घेते. आज विसरली.

नंतर सासूबाई म्हणाल्या, "चांगली आहे पोर. नजर मात्र दारावर."

मी म्हणाले, सवय आहे, जाईल.

"आत येणाऱ्याची नजर वेगळी, बाहेर कोण आहे बघणाऱ्याची वेगळी."

त्यांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणायचं असतं.

८ फेब्रुवारी

पहिला अहवाल. वाचून दाखवला. वेळेवर येते, शिकण्याची आवड आहे, वागणं नम्र आहे. ती मेण खरवडत ऐकत होती.

"असंच पाठवणार?"

"हो. खरं आहे ते."

"थोडं वाईटपण घाला ना, काकू. सगळं गोड असलं की खोटं वाटतं."

मला तिचा विनय आवडला. मॅडमवरून काकूवर कधी आली ते लक्षात आलं नाही. मी म्हणाले, अजून दोन असे गेले की तू मोकळी. मला तुला लवकर मोकळं करायचं आहे.

ती म्हणाली, "दादा पण हेच म्हणतो. नाव कटलं की बघू म्हणतो."

दादा म्हणजे मावसभाऊ. निदान घरात कोणीतरी तिची वाट बघतंय.

२२ फेब्रुवारी

आज तो दादा भेटला. मोटारसायकल बंद न करता बाहेर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड.

"मॅडम, अजून किती शनिवार?"

मी म्हणाले, सगळं नीट झालं तर एप्रिल.

"नाव आहे तोवर आम्ही हिला कुठे नेत नाही बघा. उगाच कोणी बघितलं, विचारलं, नको ते. पण आमचं हिच्यावाचून फार अडतं."

"घरकामात मदत करत असेल."

"तर काय!" तो हसला. "लहान आहे, पण अख्खं घर हिच्यावर उघडतं."

टाचणी मागे बसली. दोघांच्या मध्ये दप्तर ठेवलं होतं. मी हात केला. तिने केला नाही.

असा मायेने वागणारा भाऊ असताना ही मुलगी वाईट संगतीला लागलीच कशी, कळत नाही. अहवालात कुटुंबाचा आधार असल्याचं लिहायला हवं.

८ मार्च

दुसरा अहवाल पाठवला. आधार असल्याचं वाक्य वाचलं तेव्हा तिने मेणाची सुरी खाली ठेवली.

"ते खोडा."

"का?"

"उगाच."

मी खोडलं नाही. खोडण्याचं कारण द्यायला हवं, उगाच हे कारण नाही. तिने पाणी मागितलं आणि प्यायली नाही.

१५ मार्च

आज आली नाही. पहिल्यांदाच. मी खिडकीपाशी काम घेऊन बसले, उजेड बरा असतो म्हणून. दुपारभर एकही दात नीट बसला नाही.

अंधार पडायच्या आत कोपऱ्यावर दिसली. दार वाजवलं नाही. मी बाहेर गेले तर म्हणाली, "आज मी आलेच नाही. लिहा तसं."

"मग ही कोण उभी आहे?"

"तुम्ही बघितलं नसतं तर?"

मी तिला आत नेलं. अहवालात लिहिणार नाही म्हटलं. उशीर माणसाकडून होतोच. तिला बरं वाटायला हवं होतं.

२२ मार्च

प्लास्टरचा एक जबडा फोडला. हातातून निसटला नाही. मी बघत होते. तिने उचलला, माझ्याकडे बघितलं आणि फरशीवर सोडला. एका निवृत्त न्यायाधीशांचा होता, ठसा पुन्हा घ्यावा लागेल.

मी ओरडले नाही. आवाज चढवायचा नाही असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी म्हणाले, होतं असं.

"असं होत नाही," ती म्हणाली. "असं करतात."

"राग आलाय का कशाचा?"

"तुम्हाला का येत नाही?"

मी झाडू घेतला. तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि इतकं स्वच्छ झाडलं की कपाटाखालचा जुना भुगाही निघाला.

काय करावं कळत नाही. दोन महिने मुलगी सरळ चालते आणि शेवटच्या वळणावर पाय वाकडा टाकते. सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मांजर दाराशी ओरडतं तेव्हा त्याला बाहेर जायचं असतं का आत यायचं असतं, हे आधी बघावं."

आमच्याकडे मांजर नाही.

२९ मार्च

सोबत्यांची बैठक. शिंप्याकडे सोपवलेल्या मुलाचं नाव जानेवारीअखेर कमी झालं होतं. आधीच्या सोबत्याचं काम त्याने पुरं केलं म्हणून लवकर झालं. त्याला पेढा मिळावा तसं कौतुक मिळालं होतं. आज कळलं की तो मुलगा पुन्हा आत आहे.

शिंपी फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आपण कच्चे टाके घालतो नि समजतो कपडा शिवून झाला."

सर म्हणाले, हार-जीत चालायचीच. मला वाटतं शिंप्याने मुलावर पुरेशी मेहनत घेतली नव्हती. त्याचा पहिल्या दिवसाचा प्रश्नच सांगतो.

५ एप्रिल

तिसरा अहवाल. मी रात्रीच लिहून ठेवला होता. जबडा नाही, १५ तारीख नाही. जे आहे ते सगळं चांगलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "जबडा कुठाय?"

"तो आपल्या दोघींतला."

"नियम आहे. सगळं लिहायचं. सरांनी सांगितलंय."

"मी चहाडखोर नाही."

"मी सांगतेय ना लिहा! माझीच चहाडी आहे, मीच सांगतेय!"

मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणजे या आवाजात. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग टाचणीने साध्या आवाजात विचारलं, "नाव कटलं की शनिवारी मी काय करायचं?"

"वाटेल ते. मैत्रिणींबरोबर फिर. दादाला मदत कर."

"हं," ती म्हणाली.

तिचा हा शेवटचा महिना आहे म्हणून मी आज लवकर सोडलं. ती जायला तयार नव्हती. दातांच्या सगळ्या पेट्या रंगाप्रमाणे लावून दिल्या, नको म्हटलं तरी.

१७ एप्रिल

डॉक्टरांकडे तयार काम पोचवायला गेले होते. सासूबाई त्यांच्या आवडत्या वाचनालयात गेल्या होत्या. परत आले तर लॅबची कडी आतून काढलेली. झरोक्याच्या काचपट्ट्या बेसिनवर एकावर एक रचून ठेवलेल्या, कडा जुळवून, पुसलेल्या.

ड्रॉवरमध्ये सोन्याच्या दोन कॅपा होत्या. आहेत. रोकड आहे. फडताळावरची पत्र्याची डबी नाही.

मी उभीच होते तेव्हा सरांचा फोन आला. "तुमची मुलगी कार्यालयात येऊन बसली आहे. मांडीवर कवळी. म्हणते, मी चोरी केली, लिहून घ्या. मी म्हटलं घरी जा. जात नाही."

मी गेले. ती बाकावर बसली होती. डबी दोन्ही हातांत. मला बघून उठली नाही.

"का?" मी विचारलं. नियमात बसत नाही, तरी विचारलं.

"चोरी करायला कारण लागतं?"

"आजींचे दात! त्यांचा तुला काय उपयोग?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी फार सोप्या बेरजेत चुकले आहे. मला त्या नजरेचा राग आला. अजून आहे. तीन महिने. तीन महिने मी या मुलीला माझ्या हत्यारांना हात लावू दिला.

सर म्हणाले, आता समितीसमोर जावं लागेल. २२ तारखेची सुनावणी नाव कमी करण्यासाठी होती. तीच आता उलटू शकते.

१८ एप्रिल

राग उतरला. भीती उरली. सुधारगृह मी प्रशिक्षणात पाहिलं आहे. बरं आहे, स्वच्छ आहे. खिडक्या इतक्या वर आहेत की तिच्यासारखीलाही पोचता येणार नाही.

सासूबाईंनी डबी उघडून कवळी पाहिली. "धुऊन पुसून दिली आहे," म्हणाल्या. मग ती लावली. पहिल्यांदाच. आरशात पाहिलं, तोंड वाकडं केलं, काढून ठेवली.

"तू तिला सोडवणार?"

"सोडवायलाच हवं."

त्या काहीतरी बोलणार होत्या. मी पॉलिशची मोटर सुरू केली.

२२ एप्रिल

लांब टेबल, पलीकडे तिघं, मध्ये अध्यक्षबाई. त्यांना सर्दी झाली होती. टाचणी माझ्या शेजारी. मागे मावशी आणि तो दादा.

मी आयुष्यात कधी अधिकाऱ्यासमोर खोटं बोलले नाही. आज बोलले. कवळी मीच तिला दिली होती, सरांच्या कार्यालयाजवळ एक पॉलिशवाला आहे, त्याच्याकडे टाकायला. पोर घाबरट, काहीतरी गैरसमज करून घेतला. दार मीच उघडं ठेवलं होतं.

"खोटं आहे," टाचणी म्हणाली. "मी झरोक्यातून गेले."

"मुली, आता घाबरू नकोस."

"मी घाबरलेली नाही! पट्ट्या काढल्या मी. मी जबडापण फोडला. एकदा आलेच नाही. यांनी काही लिहिलं नाही."

अध्यक्षबाईंनी रुमाल नाकाला लावला आणि दोघींकडे बघून हसल्या. "बघा. सोबती मुलीला पाठीशी घालते आणि मुलगी सोबतीवर काही येऊ नये म्हणून सगळं स्वतःवर घेते. अहो, आपल्याला आणखी काय हवं होतं?"

नाव कमी झालं. सरांनी माझा हात हातात घेऊन हलवला. आता सहा महिने भेटायचं नाही, हाही एक नियम. मुलाने स्वतःच्या पायावर धावायचं असतं.

पायऱ्यांवर ती एकटी सापडली. मी म्हणाले, सुटलीस.

"तुम्हाला सांगितलं होतं कोणी?"

आनंदाच्या वेळी माणूस असंही बोलतं. दादाने पुढे होऊन मला वाकून नमस्कार केला. गाडीवर आज दप्तर नव्हतं.

येताना मी पेस्ट्री घेतली. सासूबाईंनी खाल्ली नाही.

२६ एप्रिल

शनिवार. काम नाही.

२७ एप्रिल

झरोक्याला जाळी बसवायला माणूस आला होता. त्याला परत पाठवलं. हवा अडेल.

३ मे

शनिवार. दुपारभर दुसऱ्या स्टुलावर बसून काम केलं. तिथून रस्ता जास्त दिसतो. मोटारसायकलचा आवाज आला की मान वर होते. मान दुखते आहे.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि गेल्या नाहीत.

"सोन्याच्या कॅपा कुठे असतात हे तिला माहीत होतं?"

"हो. तीच मोजून ठेवायची."

"आणि नेलं काय तर म्हातारीचे दात. आणि पळाली कुठे, तर सरांच्या बाकावर." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "तू तिला सोडवलंस. तिने कधी म्हटलं होतं, सोडवा?"

मी म्हणाले, मूल आहे ते, त्याला आपलं हित कळत नाही.

"मूल तीन महिने बोंबलत होतं, बाई. तू छान छान लिहीत होतीस."

मी खूप चिडले. त्यांच्या मुलाबद्दल कधी बोलायचं नाही ते बोलले. माझं कळतं तर त्याचं का कळलं नव्हतं, असं काहीतरी. त्या म्हणाल्या, "कळलं होतं. मी गप्प राहिले. म्हणून आता नाही राहत."

५ मे

सकाळी शिंपी आला. बाही दुरुस्तीला दिली होती. सहज म्हणाला, मागच्या रस्त्यावर चपलांचं दुकान फोडलं, ऐकलं का? विचित्र चोर आहेत. झरोक्याच्या काचपट्ट्या काढून मोरीत नीट रचून ठेवल्या होत्या. पुसून.

मी त्याला पैसे दिले का आठवत नाही.

अंगावर लॅबचा ॲप्रन होता. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, एवढं मला फाइलमधून माहीत होतं. मी तिथे काय बोलणार हे ठरवलं नव्हतं. चालताना एवढंच डोक्यात होतं: नाव आहे तोवर आम्ही हिला कुठे नेत नाही. मी हे वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. इथे, या वहीत लिहिलंही आहे. आत्ता मागे जाऊन पाहिलं. माझंच अक्षर.

जिन्याखाली मोटारसायकल. वर दार उघडं. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती, दादा जेवत होता. टाचणी खिडकीत. कोपर सोललेलं, लाल औषध लावलेलं.

"तुझं नाव कटलेलं नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला, म्हणून पुढे बोलणं सोपं गेलं. म्हणाले, वरून हुकूम आला आहे, फाइल पुन्हा उघडली. त्या दिवशी ती स्वतः कबूल झाली ना, त्यावरून. दर शनिवारी हजेरी. आणि आता घरची चौकशीही. घरात कोण, कुठे काम करतं, कोणाची गाडी, ती कधी कुठे असते.

दादाने घास खाली ठेवला. "कागद दाखवा."

"कागद घरी देत नाहीत. तो चौकीत जातो. तिथे जाऊन बघा."

"मॅडम, आमच्यासमोर नाव कमी केलं."

"तुमच्यासमोर केलं. तुमच्यामागे वाढवलं."

"किती दिवस?"

"मी लिहीन तेवढे."

मी ॲप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली. ठशांवर खुणा करायची, जाड. जिना उतरून मोटारसायकलचा नंबर तळहातावर लिहिला. वरून तो बघत होता. टोक इतकं बोथट होतं की शेवटचे दोन आकडे मलाही वाचता येत नव्हते. तो एवढ्या उंचीवरून काय वाचणार.

सगळा वेळ टाचणीने सोललेलं कोपर दुसऱ्या हाताने झाकलं होतं.

६ मे

सरांचा फोन. वेगळ्याच कामाचा होता. शेवटी म्हणाले, "त्या मुलीला भेटत नाही ना? मोह होतो, माहीत आहे."

"नाही सर," मी म्हणाले.

चौकीत तो गेला तर? सर तिथे रोज जातात. माझं सोबतीपण जाईल ते जाऊ दे, पण त्या दिवशी तिला कोण विचारणार? चार वेळा हात धुतला. पेन्सिलीचं शिसं निघून गेलं आहे, तरी.

सासूबाईंना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "शनिवारी ती काय खाते?"

८ मे

आज एका कवळीत खालची ओळ वर आणि वरची खाली बसवली. पुन्हा सुरुवात.

चौकीवरून दोनदा गेले. दुसऱ्या वेळी हवालदाराने विचारलं, काही हरवलंय का? मी नाही म्हणाले आणि नको तितक्या भराभर चालत आले.

१० मे

वेळ झाली आणि दार वाजलं नाही. मी स्टुलावरून उठले, बसले. ड्रॉवर उघडला. सासूबाई म्हणाल्या, बस एका जागी, फरशी झिजेल.

मग मोटारसायकल. तिला सोडून तो निघून गेला नाही. इंजिन चालू ठेवून, एक पाय रस्त्यावर टेकून, दाराकडे बघत राहिला. कागद नाही, तर माणूस बघायला आला होता.

ती पायरीवर उभी. माझ्याकडे डोळे वर करून बघेना.

मी प्रशिक्षणात शिकलेलं सगळं बाजूला ठेवलं. "ही काय वेळ झाली यायची? काय समजतेस स्वतःला? आज पहिली नोंद वाईट जाणार, सांगून ठेवते! गेल्या आठवड्यात कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस, सगळं लिहून घेणार आहे. बस आत!"

समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत आल्या. टाचणीने मान खाली घातली. "चुकलं, मॅडम," म्हणाली. मॅडम ऐकून मला क्षणभर धक्काच बसला. मग तिचा ओठ दिसला. तिरक्या दातावर घट्ट ओढून धरलेला.

इंजिनचा आवाज थोडा वेळ तिथेच राहिला. मग कोपऱ्यापर्यंत गेला. मग गेला.

आत येऊन ती तिच्या स्टुलावर बसली. मी माझ्या. टेबलावरचे दात मी एका ओळीत लावले, मग पुन्हा लावले.

"खरंच उघडलीय फाइल?"

"नाही."

तिने विचार केला. "मग तुम्ही पकडल्या जाल."

"हो. बहुतेक."

"कधी?"

"माहीत नाही. तोवर दुसरं काही सुचतं का बघायचं. सरांना सांगावं लागेल. तुलाही सांगावं लागेल, दादाचं. मला नाही, समितीला."

ती उत्तर द्यायच्या आधी सासूबाई ताटली घेऊन आल्या आणि तिच्यापुढे ठेवली. तिने खायला सुरुवात केली, भराभर, खिडकीकडे बघत. अर्धी ताटली संपल्यावर थांबली.

"समितीचं मी बघते," म्हणाली. "पण काकू, पुढच्या वेळी जोरात ओरडा. सुरुवातीचं त्याला ऐकू गेलं नसेल, गाडी चालू होती."